मळणीयंत्रात गेलेला हात आणि मोटारसायकलचा क्लच

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की यंत्राच्या तोंडात काडे लोटण्याचे काम बहुधा रोजंदारीच्या मजुराकडे येते. अशा कामात ज्याचा हात यंत्रात सापडतो, त्याची जखम काही महिन्यांनी भरते. त्यानंतर मात्र त्याला दुसरी शिक्षा सुरू होते. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील आडवळणाच्या गावातून बाजार, दवाखाना वा कचेरी गाठायची, तर दुचाकी ही चैन नसून उपजीविकेचे साधन आहे. आणि दुचाकी दोन धडधाकट हात गृहीत धरूनच बनविलेली असते.

मोटारसायकलचा क्लच डाव्या हाती, तर ॲक्सिलरेटर व पुढचा ब्रेक उजव्या हाती असतो. गिअर व मागचा ब्रेक पायाकडे असतात. ही वाटणी निसर्गाने नव्हे, कारखान्याने केलेली आहे. डावा हात गमावलेल्यासाठी क्लच आपोआप चालणारा करता येतो व दिव्यांची, भोंग्याची बटणे उजवीकडे आणता येतात. उजवा हात नसेल तर ॲक्सिलरेटर डावीकडे बसविता येतो. पायाच्या एकाच दाबाने दोन्ही ब्रेक लागण्याची व्यवस्था तर परिचितच आहे. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून जोडब्रेक वा त्याहून प्रगत एबीएस सक्तीचे झाले.

हे तंत्र नवेही नाही. १९५८ साली जपानमध्ये निघालेल्या होंडाच्या ‘सुपर कब’ला क्लचचा दांडा नव्हता, घरोघर जेवण पोचविणाऱ्या पोऱ्याला एका हाताने ती चालविता यावी, हा त्यामागील एक हेतू होता. आपल्याकडेही टीव्हीएस कंपनीने २००९ साली क्लचच्या दांड्याविना चालणारी ‘जाइव्ह’ ही मोटारसायकल बाजारात आणली. ती टिकली नाही. बाजार गिऱ्हाइकांची संख्या पाहतो. एका हाताच्या माणसाची गरज कितीही निकडीची असली, तरी तिला क्रयशक्तीचे पाठबळ नसल्याने ती मागणी म्हणून नोंदली जात नाही. म्हणूनच हे काम समाजाने अंगावर घ्यावयाचे असते.

कायदा याच्या आड येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ४१ अन्वये परवडणाऱ्या खर्चात वाहनांत फेरबदल करून देण्यासाठी योजना आखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा अवमानकारक शब्द गेला व ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आली. कलम ५२ प्रमाणे मालकाला असा बदल करून नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेता येते. परंतु कलम मिळाले म्हणजे क्लच बदलला असे होत नाही. तो बदलणारा कारागीर आणि त्याची मजुरी, या दोहोंची तरतूद कोणी करावयाची?

मळणीयंत्राच्या अपघातांसाठी १९८३ साली केंद्राने स्वतंत्र कायदा करून मजुराच्या नुकसानभरपाईची तरतूद केली. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकऱ्याला वा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या भूमिहीन मजुराचा हात या योजनेच्या हिशेबात येत नाही.

एका हाताने दुचाकी चालविणे धोक्याचे, असा आक्षेप येईल. खडबडीत रस्त्यावर हँडल आवरणे अवघड असते, हे खरेच. तथापि त्यावरचा उपाय तपासणी हा आहे, बंदी नव्हे. गावच्या मिस्त्रीने जमेल तसा केलेला व नोंदणीच न झालेला बदल अधिक धोक्याचा, आणि अपघातानंतर विम्याचा दावा नाकारायला तेवढे निमित्तही पुरते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. परिवहन कार्यालयाने मान्यतेच्या अटी मराठीत फलकावर लावाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हे फेरबदल शिकविले जावेत. त्यांचा खर्च भरपाईचाच भाग मानावा, आणि अपघात योजनेत भूमिहीन मजुरास सामील करावे. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात हात गमावलेल्या श्रमिकांची यादी करण्यापासून आरंभ करावा. यादी हाती असल्याशिवाय कचेरीत प्रश्नाला उत्तर मिळत नाही.