खाटांची संख्या : शून्य

तंजावरहून आलेल्या एका पत्राला विमा कंपनीच्या नकारपत्राची झेरॉक्स जोडलेली आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई आमच्या जुन्या वर्गणीदार. घरात तंजावरी मराठी, केंद्रात तमिळ आणि अर्जविनंत्या इंग्रजीत, असा त्यांचा दिवस जातो. त्या सायकियाट्रिक सोशल वर्कर आहेत आणि भाड्याच्या दोन खोल्यांत शुभार्थींसाठी डे केअर चालवतात. त्यांच्याकडे येणाऱ्या एका तरुणाच्या वडिलांनी मुलाच्या गट उपचाराच्या खर्चाचा क्लेम टाकला होता. आजार स्किझोफ्रेनिया, पॉलिसी चालू, हप्ते वेळेवर, मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठीही सोबत. तरी क्लेम फेटाळला गेला. कारण असे दिले आहे की, सदर केंद्रात सुसज्ज ऑपरेशन थिएटर नाही.

हसून झाले असेल तर आपापल्या पॉलिसीतले व्याख्यांचे पान उघडा. टीपीएच्या टेबलावरच्या कारकुनाने हे मनाने लिहिलेले नाही. इर्डाच्या प्रमाण व्याख्येनुसार डे केअर सेंटरला पात्र परिचारिका हव्यात, जबाबदार डॉक्टर हवा, रुग्णांच्या रोजच्या नोंदी हव्यात आणि शस्त्रक्रिया होतात असे स्वतःचे ऑपरेशन थिएटर हवे. डे केअर उपचार म्हणजे भूल देऊन 24 तासांच्या आत उरकलेला आणि एरवी ज्यासाठी 24 तासांहून जास्त दाखल व्हावे लागले असते असा उपचार. ओपीडीत होणारे उपचार त्यातून वगळलेलेच आहेत. मोतीबिंदू, मुतखडा अशांसाठी बेतलेली ही व्याख्या आहे आणि त्या कामाला ती ठीकच आहे. आपल्या गटात कुणाला भूल देत नाहीत. कुणी पेंगत असेल तर तो क्लोझापिनचा प्रताप, आणि त्याचा क्लेम होत नाही.

कायद्याच्या बाजूने आपण बरेच काही मिळवले, असे गेली काही वर्षे व्यासपीठांवरून ऐकू येते. ते खोटे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017चा. तो 29 मे 2018 रोजी लागू झाला. त्याचे कलम 21(4) सांगते की, शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. इर्डाने 16 ऑगस्ट 2018 रोजी कंपन्यांना तसे कळवले. कंपन्या ढिम्म राहिल्या. 2021 साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका कंपनीचे कान उपटले आणि ऑक्टोबर 2022मध्ये इर्डाला पुन्हा एकदा मुदत घालून द्यावी लागली. एवढ्या झटापटीतून हाती लागली ती इस्पितळाची खाट. रिलॅप्स होऊन मुलगा महिनाभर दाखल झाला तर क्लेमला वाट आहे. तो रिलॅप्स टळावा म्हणून त्याला रोज सकाळी गटात आणून बसवले तर नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ओपीडीचे कवच देतात खऱ्या, पण त्याची मर्यादा औषधे आणि तपासण्यांतच संपते, हा शुभंकरांचा नेहमीचा अनुभव आहे. सरकारी योजनांची तऱ्हा वेगळी नाही. आयुष्मान भारतमध्ये मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत, तीही दाखल रुग्णासाठी.

दाखल न होता चालणाऱ्या थेरपीला विमा देता येतच नाही, असे कुणी सांगू लागले तर त्याला निरामय योजना दाखवा. नॅशनल ट्रस्टची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. कवच 1 लाख रुपयांचे, आणि त्यात ओपीडी व नियमित थेरपीचा खर्च धरलेला आहे. म्हणजे नमुना तयार आहे, सरकारनेच तो चालवून पाहिला आहे. मानसिक आजार त्यात नाही, कारण 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला 21 प्रकारांच्या यादीत बसवले, पण ही ताटे वेगळीच राहिली.

आता नोंदणीचे बघू. त्यावर गेल्या काही महिन्यांत महाराष्ट्रातून आलेली पत्रे तंजावरच्या पत्राइतकीच वाचनीय आहेत. एका जिल्ह्यात केंद्रचालकाला सांगितले गेले, तुम्हाला नोंदणी लागत नाही, घरी जा. शेजारच्या जिल्ह्यात सांगितले, नोंदणीशिवाय कुलूप लावू. तिसरीकडे अर्ज परत आला, कारण खाटांच्या संख्येचा रकाना कोरा होता. केंद्रचालिकेने नम्रपणे सांगितले की आमच्याकडे खाटा नाहीत. साहेब म्हणाले, ‘मग निदान चार तरी घाला.’ ज्या केंद्राचे सगळे काम माणसाला खाटेवरून उठवण्याचे, त्याने नोंदणीसाठी खाटा विकत घ्यायच्या!

घोळ मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 2(1)(पी)मध्ये आहे. जिथे मानसिक आजार असलेल्या व्यक्ती दाखल होऊन राहतात किंवा ठेवल्या जातात, मग ते तात्पुरते का असेना, ती मानसिक आरोग्य आस्थापना. सकाळी दहाला येऊन चारला घरी जाणारा शुभार्थी ‘ठेवला’ गेला की नाही? दोन वकिलांना विचारा, तीन मते मिळतील. हा चर्चेपुरता प्रश्न नाही. नोंदणीशिवाय आस्थापना चालवल्यास कलम 107खाली पहिल्या वेळी 5 हजार ते 50 हजारांचा दंड आहे आणि अशा ठिकाणी जाणूनबुजून काम करणाऱ्या व्यावसायिकाला 25 हजारांपर्यंत. दोन खोल्यांच्या केंद्राला एवढ्या दंडाने टाळे लागते.

कायदा असा खाटांभोवती का फिरतो, याचे उत्तर तंजावरच्या दक्षिणेला आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001च्या पहाटे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे जळून मेली. दर्ग्याच्या आसऱ्याने उभी राहिलेली ती कोंडवाडी मग बंद झाली, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि परवाने, तपासणी, किमान निकष यांचा फास आवळला गेला. आवळायलाच हवा होता. त्याच तमिळनाडूत त्रिचीजवळच्या गुणशीलमला लोक रुग्णाला घेऊन देवळात 48 दिवसांचे मंडल काढतात. तिथे देवस्थानच्याच पुनर्वसन केंद्राला रीतसर परवाना आहे. डांबून ठेवणाऱ्याला हुडकण्यासाठी कुलूप, खोली, खाट आणि रात्र मोजणारे कायदे लागतात. पण ते लिहिताना संध्याकाळी दार उघडून माणसाला घरी पाठवणारे केंद्र कुणाच्या नजरेसमोर नव्हते. एरवाडीचे कलेवर समोर ठेवून केलेला नियम आता अगदी उलट प्रकारच्या जागेला लावला जातो आहे.

इस्पितळ आणि घर यांच्यामध्ये काहीच उभे केले नाही की काय होते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवून दिले. बऱ्या झालेल्या मनोरुग्णांना सरकारने भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले आणि जुलै 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते ताबडतोब थांबवा म्हणून सांगावे लागले. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901चे. एवढ्या वर्षांत बाहेरच्या वाटेवर किती डे केअर उभी राहिली, हे कुणीतरी अधिवेशनात विचारावे.

तिसरी गंमत प्रमाणपत्राची. आयडियाज मोजपट्टीवर 20पैकी 7 गुण झाले की 40 टक्के अक्षमता धरतात आणि यूडीआयडी कार्डाचा मार्ग खुला होतो. गटात वर्षभर टिकलेल्या शुभार्थीचा स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चारही अंगांचा गुण उतरतो, म्हणजे तो सुधारतो. मग नूतनीकरणाला गेला की कार्ड जाते, कार्डासोबत सवलत जाते. अशा वेळी आई कुजबुजत सांगते, ‘डॉक्टरांसमोर जास्त बोलू नकोस रे.’ आपण वर्षभर ज्यासाठी घाम गाळला, ते सिव्हिल हॉस्पिटलच्या पायरीवर लपवावे लागते. तिला दोष देऊ नका. सुधारणा टिकवण्यासाठीच ती सवलत लागते, हे व्यवस्थेला कळत नाही आणि तिला कळते.

इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. आता थोडे आपल्याबद्दल.

तंजावरच्या पत्रात त्यांच्या केंद्रातल्या कॉफीचे वर्णन आहे. सकाळच्या गटानंतर फिल्टर कॉफी शुभार्थीच करतात. दर आठवड्याला दोघांची पाळी. आदल्या संध्याकाळी डिकॉक्शन लावायचे, किती जण येणार ते विचारून दूध सांगायचे, दूधवाल्याशी हिशेब मिटवायचा, डबरा-टंबलर मोजून मांडायचे आणि साखर कमी पडली म्हणून कुणी कुरकुरले तर ते ऐकून घ्यायचे. शुक्रवारी गटात त्यावरच बोलायचे : कुरकुर ऐकताना काय वाटले, उत्तर का दिले नाही, दिले असते तर काय झाले असते. शेरे दोन ओळींत वहीत. ज्या तरुणाचा क्लेम नाकारला गेला, त्याच्या नावापुढे पहिल्या महिन्यात ‘पाळी घेतली नाही’ असे लिहिले आहे आणि तिसऱ्या महिन्यात ‘दूधवाल्याने जास्त लावलेले पैसे परत मागितले’. नेगेटिव्ह सिम्प्टम्सवर काम करणाऱ्या कुणालाही या दुसऱ्या वाक्याची किंमत सांगायला नको. काम नेटके आहे आणि नोंद त्याहून नेटकी.

आपल्यातल्या किती केंद्रांत अशी वही आहे? तीस जणांना हॉलमध्ये बसवून टीव्ही लावायचा, मग पाकिटे चिकटवायला द्यायची, मग प्रार्थना, आणि फलकावर मात्र ‘ग्रुप थेरपी’. पाकिटांना आमचा विरोध नाही, प्रार्थनेलाही नाही. पण आठ-दहा जणांचा ठरलेला गट नाही, थेरपिस्टसोबत सहथेरपिस्ट नाही, सत्राची नोंद नाही, आयडियाज एकदा दाखल्यापुरते भरले ते भरले. मग विमा कंपनीने काय बघून पैसे द्यायचे? पुण्यात ‘सा’ने आणि ठाण्यात आयपीएचने हा रस्ता केव्हाच पाडून दिला आहे. ज्यांना तो माहीत नाही अशांसाठी हे मासिक नाही. माहीत असून टाळणाऱ्यांना मात्र बोलणे भाग आहे.

मोजले की ऐकावे लागते, याचा दाखला आपल्याच अंगणात आहे. 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला कोप्सी अभ्यास तमिळनाडूतला कांचीपुरम, गोवा आणि सातारा इथे झाला. स्किझोफ्रेनिया असलेले 282 जण त्यात होते. तो डे केअरचा अभ्यास नव्हता. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन पुनर्वसनाचे काम करत होते. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा त्याची जोड दिलेल्यांची लक्षणे आणि अक्षमता थोडी अधिक उतरली, आणि हा फरक उठून दिसला तो सेवांची सर्वांत वानवा असलेल्या तमिळनाडूतल्या ग्रामीण भागात. फरक माफक होता, पण तो पॅन्स आणि आयडियाजवर मोजलेला होता. म्हणून तो अजून उद्धृत होतो. आपल्या केंद्रांतले बदल याहून मोठे असतीलही, पण ते आपल्या आठवणीत आहेत, कागदावर नाहीत.

तेव्हा आता वाट बघणे पुरे. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आपल्या उपयोगाचे एक कलम आहे आणि ते कुणी वापरत नाही. कलम 18(4)मध्ये सरकारने पुरवायच्या किमान सेवांत समाजाधारित पुनर्वसन आहे. 18(5) सांगते की जिल्ह्यात त्या सेवा नसतील तर व्यक्तीने जिल्ह्यातल्या दुसऱ्या आस्थापनेत उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा; परताव्याचे नियमही सरकारनेच करायचे आहेत. हा परतावा आस्थापनेतल्या उपचारासाठी आहे, म्हणून नोंदणीपासून पळणाऱ्यांनी आपलेच नुकसान केले आहे. ‘आम्हाला लागत नाही’ म्हणून दडून बसलात तर दंड कदाचित वाचेल, पैशांवरचा हक्क मात्र गेला.

प्रत्येक केंद्राने या महिन्यात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करावा. ती चौकशीविना 10 दिवसांत द्यायची, असे कायदा सांगतो. नोंदणी लागत नाही असे प्राधिकरणाचे मत असेल तर तेच लेखी मागावे. तोंडी उत्तर घेऊन परतू नये. सोबत 18(5)खालच्या परताव्याचे नियम कुठे आहेत, हे माहिती अधिकारात विचारावे. नाकारलेला प्रत्येक क्लेम आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालांकडे न्यावा. त्यासाठी शुभंकरांना वकील लागत नाही, आपल्यापैकी कुणीतरी सोबत बसायला लागतो. आणि दर सहा महिन्यांनी आयडियाज भरावे, तेही दाखल्यासाठी नाही तर स्वतःसाठी.

खाटांच्या रकान्यात चार लिहू नका. तो कोराही सोडू नका. शून्य लिहा, अर्जाची पोच घ्या आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवा. ज्या कार्यालयांकडून मुदतीत उत्तर येणार नाही, त्यांची जिल्हावार यादी आम्ही दर अंकात याच पानावर छापू.