तयार नोंदींचा सुकाळ

सत्र संपत आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: वर्णनात्मक नोंदी. यंदा त्यात बीड जिल्ह्यातली पत्रे जास्त आहेत. एका तालुक्यात फर्मान निघाले की नोंदवह्या तपासणीला तयार ठेवा, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. रकान्यात काय असावे, याबद्दल फर्मानात चकार शब्द नाही.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा वर्णनात्मक नोंद ही त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट होती. पहिली-दुसरीला आकारिकचा भार 70 टक्के, तिसरी-चौथीला 60. मूल रोज काय करते ते शिक्षकाने पाहावे, लिहावे आणि त्यावरून उद्याचा पाठ बदलावा, हा त्यामागचा हेतू. झाले काय? आधी बाजारात नोंदींची पुस्तके आली, मग एक्सेल शीट, आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ. विषय निवडा, श्रेणी निवडा, वाक्य तयार. मुलाने गाईडमधून निबंध उतरवला तर आपण त्याला वर्गासमोर उभे करतो. आपल्या गाईडचे काय?

दोष एकट्या शिक्षकाचा नाही, हेही खरे. चौथीची 30 मुले आणि सात विषय धरले तर एका सत्राला 210 नोंदी होतात. द्विशिक्षकी शाळेत वर्ग दोन, त्यात संकलित चाचणीचे गुण चॅटबॉटवर भरायचे आणि पुन्हा निवडणुकीची यादी. अशा वेळी पीडीएफ उघडणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण लेखनाच्या तासाचे यातून किती नुकसान होते ते पाहा.

एका शिक्षिकेने चौथीतल्या मुलीच्या वहीचे पान पाठवले आहे. मुलगी आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलेली, हंगाम संपल्यावर शाळेत परतलेली. विषय होता ‘माझा आवडता दिवस’. तिने लिहिले, ‘कारखान्याचा पट्टा पडला का आम्ही गावाकडं येतो. आई कोपी मोडती. त्या रात्री मला झोप लागत नाही.’ ‘गावाकडं’ला लाल गोल, ‘मोडती’ला लाल गोल, ‘पट्टा’पुढे प्रश्नचिन्ह. खाली शेरा: अपूर्ण. आणि नोंदवहीत, त्याच मुलीपुढे, मराठीच्या रकान्यात: ‘स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडताना अडचण येते.’

ही नोंद शिक्षिकेने लिहिलेली नाही, यादीतून उचललेली आहे. पान समोर ठेवून लिहायला बसल्या असत्या तर हे वाक्य हातून उतरलेच नसते. मग त्यांनी काय लिहिले असते? विषय देताना माझ्या डोक्यात दिवाळी आणि वाढदिवस होता, हिने तिचा दिवस शोधला. तीन वाक्यांत क्रम चोख आहे. झोप आनंदाने लागत नाही की कशाने, ते कळत नाही. उद्या तेवढेच विचारायचे आणि दोन ओळी वाढवायला सांगायच्या. ‘मोडते’ दुसऱ्या खर्ड्यात पाहू. ‘पट्टा पडणे’ म्हणजे काय, ते वर्गाला तिनेच सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुढच्या तासाचे टाचणही त्यातच झाले.

2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच ‘माझी नोंद’ची कोरी पाने आली आणि 2025-26 पासून ती बंदही झाली. त्याचे आम्हाला फारसे दुःख नाही. बऱ्याच वर्गांत त्या पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरेच उतरत होती.

केंद्रप्रमुखांना विचारावेसे वाटते की नोंदवहीवर सही करताना शेवटची नोंद वाचली कधी? एकच वाक्य सतरा मुलांपुढे पाहून एकालाही खटकू नये, ही तपासणी कसली? रकाने मोजायला शिपाईही पुरतो. अंबाजोगाईच्या डाएटने पुढाकार घेऊन जिल्ह्यापुरते एवढे तरी मान्य करून घ्यावे: भाषेच्या लेखनासाठी सत्रात प्रत्येक मुलामागे एकच नोंद, पण ती मुलाच्या एका लेखनावर, शिक्षकाच्या हाताने. बाकी रकान्यांना श्रेणी पुरे.

डाएट करेल तेव्हा करेल. शिक्षक बंधू-भगिनींनो, परवानगीची वाट कशाला पाहता? येत्या शिक्षण परिषदेला पीपीटी नको, मुलांच्या वहीची दोन पाने न्या. एक जमलेले, एक फसलेले. फसलेले पान का फसले यावर चौघांनी बोला. मुलाच्या चुका बाजूला ठेवा, आपण विषय काय दिला, वेळ किती दिला, लिहिण्याआधी बोलू किती दिले, एवढेच बोला. आणि तयार नोंदींची पीडीएफ ग्रुपवर पुढे ढकलणाऱ्या उत्साही मंडळींनी महिनाभर हात आवरावा.

परिषदेला नेलेल्या पानांतले एक पान आणि त्याखाली तुमची पाच ओळींची नोंद आमच्याकडे पाठवा. मुलाचे व शाळेचे नाव झाकून पाठवा, लाल शाई नसलेली प्रत असली तर उत्तम. पुढच्या अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. मुलांच्या लेखनात काना-मात्राही बदलणार नाही, तुमच्या नोंदी मात्र संपादित करू.