बाई, रेंज कुठं जाते?

मुलांनो, मागच्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलानं वर्गात उभं राहून विचारलं, "बाई, आमच्या पत्र्याच्या खोलीत शिरलं की रेंज जाते. ती कुठं जाते?" सगळा वर्ग खो-खो हसला. मी मात्र हसले नाही. याच प्रश्नानं २०२० साली मला चांगलाच धडा शिकवला होता. तो शेवटी सांगते. आधी रेंज म्हणजे काय ते पाहू या.

सिद्धेश्वर तलावात खडा टाकला की पाण्यावर वर्तुळं उठतात आणि काठापर्यंत येतात. मोबाइलच्या टॉवरवरूनही अशाच लहरी चहूकडे निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, इतकंच. त्यांना रेडिओलहरी म्हणतात. उजेडाचीच ही भावंडं! वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. सोलापूरहून पुणं गाठायला एस.टी.ला काही तास लागतात, या लहरीला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. आपले जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात, मधे भिंत असतानाही, अशा लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती.

आता गंमत बघा. आपण कानात कुजबुजतो, वर्गात मोठ्यानं बोलतो आणि मैदानात भोंगा लावतो. जेवढं अंतर, तेवढा आवाज. बिनतारी यंत्रांचंही तसंच आहे.

दुकानात कार्ड यंत्राला नुसतं टेकवून पैसे देतात ना? तिथं लहर जेमतेम चार-पाच बोटं जाते. दूर जाऊन चालणारच नाही, नाहीतर शेजारच्याचे पैसे कापले जातील! ब्लूटूथ म्हणजे कानातली कुजबुज, साधारण एका खोलीपुरती. हे नाव आहे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाचं. त्यानं वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या, तसं हे तंत्र वेगवेगळी यंत्रं जोडतं. वाय-फाय म्हणजे घरभर किंवा वर्गभर पोचणारा आवाज. मोबाइलचा टॉवर म्हणजे मैदानातला भोंगा. त्याचा आवाज गल्ल्याच काय, गावंसुद्धा ओलांडतो.

आणि सोलापूर-पुणे रस्त्यावरचा टोलनाका? गाडीच्या काचेवर फास्टॅगचा कागदासारखा तुकडा चिकटवलेला असतो. १६ फेब्रुवारी २०२१ पासून तो देशभर सक्तीचा झाला. त्यात बॅटरी नसते, बरं का! नाक्यावरचं यंत्र लहर सोडतं, त्या लहरीतूनच तो तुकडा चिमूटभर वीज घेतो आणि आपला नंबर सांगून गप्प बसतो.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. हे सगळं 'बिनतारी' म्हणतात खरं, पण लहरींचा प्रवास बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यापुरताच असतो. टॉवरपासून पुढं बहुधा जमिनीखालून केसासारख्या बारीक काचेच्या तारा जातात. मुंबईच्या किनाऱ्यावरून तर त्या थेट समुद्राच्या तळाशी उतरतात आणि परदेशी पोचतात.

आता पत्र्याकडे वळू. वीट, लाकूड, कापड यांतून रेडिओलहरी थोड्याफार कमी होत का होईना, पार जातात. धातूचा पत्रा मात्र त्यांना आरशासारखा परत फिरवतो. चारी बाजूंनी पत्रा आणि वरही पत्रा असेल, तर लहरींना शिरायला दार-खिडकीच काय ती उरते. म्हणजे रेंज कुठं जात नाही मुलांनो, ती दारातच अडते!

आता माझा धडा. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही मोबाइलवर शिकवू लागलो. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून धडे पाहता-ऐकता यावेत, यासाठी त्यांनी केलेल्या कामाचं जगानं कौतुक केलं. आम्हांला कोण अभिमान! पण माझ्या चौथीतली एक मुलगी तासाला यायची आणि दोन मिनिटांत गायब व्हायची. एकदा सगळ्यांच्या देखत मी तिला बोलले, "अगं, लक्ष कुठं असतं तुझं? शिकायचं नाही का?"

पुढं स्वाध्यायाचे कागद द्यायला तिच्या घरी गेले. एकच खोली, भिंती पत्र्याच्या, छतही पत्र्याचं. आत आई विड्या वळत होती. आणि ही पोरगी बाहेर, शेजारच्यांच्या पायरीवर, भर उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन मोबाइल धरून बसलेली. मला बघून ती हळूच म्हणाली, "बाई, आत गेलं की तुमचा आवाज तुटतो. आणि इथं फार ऊन लागतं."

मला काय बोलावं सुचेना. जे मी पुस्तकात वाचलं होतं, ते ती रोज उन्हात बसून सोसत होती. त्या दिवसापासून मी धडा माझ्या आवाजात भरून पाठवू लागले. संध्याकाळी बाहेर येऊन एकदा उतरवून घेतला, की तो आत बसून कितीही वेळा ऐकता येतो. त्याला मग रेंज लागत नाही. आणि बोलले होते सगळ्यांच्या देखत, म्हणून माफीही सगळ्यांच्या देखतच मागितली.

करून पाहा : घरातल्या मोठ्यांना विचारून मोबाइल पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात घट्ट, दोन-तीन पदरी गुंडाळा. दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजतो का? मग कागदाला मुद्दाम फट ठेवा आणि पुन्हा बघा. मोबाइल पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गुंडाळून ठेवू नका. काय झालं ते वहीत लिहा.

आणि हो, तुमच्या वर्गात कुणी मधेच 'गायब' होत असेल, तर हसण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.

– तुमच्या बाई