फासा सगळ्यांच्या हाती फिरू द्या

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकात ‘कॉन्ज्युर अ‍ॅनिमल्स’ हा मंत्र आहे. निसर्गाची जादू करणारा ड्रुइड पाचव्या लेव्हलला पोचला की हा मंत्र मिळतो आणि एका दमात आठ लांडगे मैदानात उतरवता येतात. ज्या शत्रूवर हल्ला करायचा त्याच्याजवळ दुसरा साथीदार असला की प्रत्येक लांडग्यासाठी दोन फासे टाकायचे, मोठा आकडा धरायचा. म्हणजे एका फेरीत वीस बाजूंचे सोळा फासे. मग चाव्याची इजा मोजा, मग शत्रू आडवा झाला का ते बघा. तोवर तलवारवाला आणि चोर मोबाईल चाळत बसलेले.

वाद होतो तो इजेवर. माझी तक्रार वेगळी आहे. फेरीत प्रत्येकाला एक टर्न, हा या खेळातला न्याय. ड्रुइडला मात्र लांडगे धरून नऊ. इजा निम्मी केली तरी टर्न नऊच राहतात. परभणीतून पुण्या-मुंबईच्या मित्रांशी कॉल लावून खेळणाऱ्यांना रात्रीचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात. त्यातला तासभर एकाच्याच लांडग्यांत गेला तर बाकीच्यांनी पुढच्या वेळी यायचं कशाला?

आपल्याकडे लग्नघरी गोंधळात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, सगळ्यांना नाव घेऊन बोलावतात. पण चौक एकच मांडलेला असतो आणि कथेचा धागा मुख्य गोंधळ्याच्याच हाती असतो. देव कितीही आले तरी कथा अडत नाही.

२०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकातल्या नव्या मंत्रांनी समनिंगला, म्हणजे प्राणी बोलावण्याला, अशीच शिस्त लावली. प्राणी एकच येतो. मंत्र वरच्या लेव्हलला टाकला तर संख्या वाढत नाही, त्याची ताकद वाढते. त्याचा टर्न बोलावणाऱ्याच्या लगेच नंतर. ड्रुइडला मार बसला आणि कॉन्सन्ट्रेशन तुटलं की प्राणी गेला. त्यामुळे ड्रुइडला जपणं हे सगळ्या गटाचं काम होतं. मला हा तोडगा सर्वांत पटतो.

२०२४ च्या नव्या पुस्तकात ‘कॉन्ज्युर अ‍ॅनिमल्स’चा कळप म्हणजे नुसता सरकणारा इजेचा पट्टा झाला. खेळ वेगानं चालतो, हे खरं. पण त्या कळपाला दाराशी राखणीला बसवता येत नाही, नदीपलीकडे माग काढायला धाडता येत नाही. हे फार झालं.

चाकर बोलावण्याला किंमत कशी लावावी हे ‘गिल्ड वॉर्स’ या व्हिडिओ गेमनं २००५ मध्येच दाखवलं होतं. तिथं मुडद्यांतून उठवलेल्या चाकरांचा जीव सतत झिजतो आणि मालक मेला की ते दिसेल त्याच्यावर उलटतात, मालकाच्या साथीदारांवरसुद्धा.

जुनंच पुस्तक वापरून खेळ चालवणाऱ्या डीएमनी एवढं करावं: एका मंत्राला जास्तीत जास्त दोन प्राणी, आणि दुसऱ्या प्राण्याचे फासे शेजारच्या खेळाडूला टाकू द्यावेत.

— ‘सोंगटी’, परभणी