समर कॅम्पवाल्यांना आणि माझ्यासारख्या बातमीदारांना

मंडळी, गावात बोर्ड लागायला सुरुवात झाली आहे. बसस्टँडसमोर तीन, कॉलेज रोडला दोन. समर कॅम्प, डान्स, क्राफ्ट, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. फी दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत. मे महिना जवळ आला की हे होतंच, आणि व्हायलाही हवं. आई-बाप दोघं कामावर आणि पोरं दिवसभर मोबाईल घेऊन पंख्याखाली, त्यापेक्षा शिबिर केव्हाही बरं. त्यामुळे ही पोस्ट शिबिरांच्या विरोधात नाही. पण काही बोलायचं आहे, आणि त्याआधी स्वतःची चूक सांगायची आहे.

गेल्या मे महिन्यात एका शिबिराच्या समारोपाला बातमीसाठी गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. थीम होती 'अंडरवॉटर वर्ल्ड'. आपल्या गावापासून समुद्र चारेकशे किलोमीटरवर, पण ठीक आहे, पोरांना कल्पना करता येते. मात्र कल्पना करायला जागाच ठेवली नव्हती. प्रत्येकाच्या हातात बाहेरून मागवलेलं किट, त्यात आधीच कापलेला थर्माकोलचा डॉल्फिन आणि निळा रंग. पन्नास मुलं, पन्नास डॉल्फिन, सगळे एकाच साच्यातले. थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली, हे मुलांना शाळेत शिकवतात. इथे तोच थर्माकोल पैसे घेऊन हातात दिला.

खरी गोष्ट पुढे आहे. समारोप साडेनऊचा, प्रमुख पाहुणे आले सव्वाअकराला. मंडप फक्त स्टेजवर, मुलं समोर उन्हात. दोन मुलींना चक्कर आली. एकीला तिच्या आजीने रिक्षात घालून घरी नेलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी बातमी पाठवली, तिचं शेवटचं वाक्य होतं: 'शिबिरात विद्यार्थ्यांनी मनमुराद आनंद लुटला.' प्रेसनोटमध्ये होतं तसंच्या तसं. पाहुण्यांचं नाव पहिल्या ओळीत आणि चक्कर आलेल्या मुली कुठेच नाहीत.

आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला मोकळ्या मैदानात मोठा सरकारी सोहळा झाला, त्यानंतर उष्माघाताने माणसं दगावली. ती मोठी माणसं होती. आपण आठ-दहा वर्षांची लेकरं बसवतो आणि वरून त्यांनाच टाळ्या वाजवायला सांगतो. ती बातमी मला आजही टोचते, म्हणून हे लिहितोय.

आता थीमबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयात आम्ही चार-पाच जणांनी तीन सकाळी एक प्रयोग करून पाहिला. कोणी तज्ज्ञ नव्हतं. एक निवृत्त बाई, एक कॉलेजची मुलगी, दोन केळीवाले शेतकरी आणि मी. थीम एकच ठरवली: केळी. हसू नका. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. रावेर-यावल पट्ट्यात अर्ध्याअधिक घरांची चूल या ना त्या मार्गाने केळीवर चालते. पण आपल्याच पोरांना विचारा, हिरवा घड इथून निघतो तो दिल्लीत पिवळा कसा विकला जातो? बहुतेकांना सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी 'मावा' खेळलो. साधी पकडापकडी आहे, फक्त ज्याच्यावर राज्य तो मावा. केळीवर जो सीएमव्ही रोग येतो, त्याचा विषाणू ही मावा कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. तेव्हा माव्याने शिवलं की मूल 'रोगी झाड' होऊन जागेवर उभं राहतं. दोन मुलं शेतकरी. त्यांनी रोगी झाड लवकर ओळखून हाताला धरून बागेबाहेर न्यायचं, नाहीतर ते झाड हात लांब करून शेजारच्यांना शिवतं. बाहेर नेलेलं मूल 'आउट' होत नाही, ते नवं रोप होऊन दुसऱ्या बाजूने आत येतं. कोणी बसून राहत नाही, हा नियम आम्ही मुद्दाम ठेवला. पहिल्या डावात शेतकऱ्यांनी टाळाटाळ केली आणि अख्खी बाग गेली. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणून बाबा झाडं उपटत होते, आणि आई रडत होती." कुठलं व्याख्यान देऊन हे समजलं असतं?

दुसरा खेळ घड वाहण्याचा. खरा घड वीस-पंचवीस किलोचा असतो, मुलांना झेपत नाही. म्हणून जुन्या उशीच्या खोळीत वाळू भरून तीन-चार किलोचे घड केले. दोघांनी मिळून रांगेने न्यायचे, जमिनीला टेकला की तो 'डागी माल', गुण नाही. पळणाऱ्यापेक्षा सांभाळून चालणारा जिंकतो. यात एका पावरा मुलाने सगळ्यांना मागे टाकलं. त्याचे वडील केळी कापणीच्या टोळीत आहेत. खांद्यावर गादी कशी ठेवायची, घड कोणत्या बाजूने धरायचा, हे त्याने बाकीच्यांना दाखवलं. तोपर्यंत तो पोरगा मागच्या रांगेत गप्प बसला होता. मराठी त्याची घरची भाषा नाही, पावरी आहे. त्या दिवसापासून पोरं त्याला 'मुकादम' म्हणायला लागली. 'अंडरवॉटर वर्ल्ड'मध्ये या मुलाला काय सांगता आलं असतं? तिथे तो आलाच नसता म्हणा. अडीच हजार फी.

हस्तकलेला दुकानातून फक्त रंग आणि सुतळी आणली. वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या काढून वेण्या घातल्या, त्यांच्या बैठका केल्या. हिरव्या पानांचे द्रोण टाचले. पानाचा देठ आडवा कापला की आत जाळीदार नक्षी दिसते, ती रंगात बुडवून कागदावर ठसे मारले. केळफुलाच्या जांभळ्या पाकळ्यांच्या होड्या टबात सोडल्या. पस्तीसेक मुलं, आणि दोन बैठकाही सारख्या झाल्या नाहीत. एक अनुभवाचा सल्ला: केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा मुलांना जुनेच कपडे घालून पाठवा. पहिल्या दिवशी आम्ही हे सांगायला विसरलो आणि तीन आयांच्या शिव्या खाल्ल्या. त्या बरोबर होत्या.

यात आमचं काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाड्यांवरच्या मुलांसाठी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य वापरलं. अरविंद गुप्ता यांनी आयआयटीत शिकून आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली, पुण्याच्या आयुकात बसून मुलांना शिकवली. रस्ता जुना आणि सिद्ध झालेला आहे. आपणच तो सोडून किट मागवत बसलोय.

काही पालक म्हणाले, "केळी तर रोजच बघतात, बाहेरचं काहीतरी दाखवा ना." म्हणणं अगदीच चुकीचं नाही. डॉल्फिनही दाखवा, जंगलही दाखवा, ग्रहतारेही दाखवा. माझा मुद्दा एवढाच की थीम कोणतीही घ्या, त्यात मुलाने काहीतरी शोधलं पाहिजे, ठरवलं पाहिजे, स्वतःच्या हाताने चुकवून पुन्हा केलं पाहिजे. आणि वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलाला तिथे काहीतरी येत असलं पाहिजे. ही सोय गावातल्या विषयात जास्त असते. उद्या तापी नदी घ्या, आठवडी बाजार घ्या, कापसाचं बोंड ते गादी घ्या. विषय संपणार नाहीत.

खर्च विचाराल तर तीन सकाळींचा सगळा मिळून हजार-बाराशे रुपये, त्यातही निम्मं लिंबूसरबत. मान्य आहे, आमची मेहनत फुकट होती आणि रोजचं शिबिर चालवणाऱ्याला पगार, वीज, भाडं असतं. त्यांनी फी घ्यावी. पण बहुतेक शिबिरं नगरपालिकेच्या शाळेच्या पटांगणावर होतात. ते पटांगण तुमच्या-माझ्या कराचं आहे. त्याच शाळेत शिकणारी पोरं मे महिन्यात गेटबाहेर उभी राहून आतला खेळ बघतात, हे चित्र मला बरं वाटत नाही.

म्हणून नगरपालिकेला आणि आयोजकांना तीन मागण्या आहेत. एक, सार्वजनिक पटांगण हवं असेल तर चौथा हिस्सा जागा त्याच शाळेतल्या मुलांना मोफत द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांना पंचवीस टक्क्यांचं बंधन आहेच, तेच तत्त्व इथे अटीत घाला. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवली की झालं. दोन, मैदानावरचे खेळ सकाळी सात ते साडेनऊ, त्यानंतर मुलं सावलीत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी, आणि पाणी मागायला मुलाला हात वर करायला लावू नका. तीन, समारोपाला पाहुणे वेळेवर आले नाहीत तर कार्यक्रम त्यांच्याशिवाय सुरू करा. मुलांच्या हस्ते मुलांचा सत्कार झाला तर काही बिघडत नाही.

आणि चौथी गोष्ट स्वतःसाठी. यंदा शिबिराची प्रेसनोट मला जरूर पाठवा, बातमी लावतो. पण आधी मी येऊन बघणार. मुलं किती वाजता उन्हात होती, सावली आणि पाणी होतं का, हाताने काय केलं, फी न देता किती मुलं आली, हे बातमीत असेल. पाहुण्यांचं नावही असेल, शेवटच्या ओळीत. 'मनमुराद आनंद लुटला' हे वाक्य मात्र पोरांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

गेल्या वर्षी रिक्षातून घरी गेलेली ती मुलगी मला परवा बाजारात दिसली. आजी सोबत होती. यंदा शिबिराला पाठवणार का विचारलं, तर आजी म्हणाली, "सावली असंल तं पाठवू." एवढी एक गोष्ट गाव म्हणून आपल्याला जमायला हरकत नाही.