आधी इंजिनाला विचारा

घरात जुनी वस्तू असली, की तिच्यावरून दोन पक्ष हटकून पडतात. एक म्हणतो, 'मोडीत काढा'. दुसरा म्हणतो, 'नवी करून घ्या'. 'आधी तिची प्रकृती तरी पाहा' असे म्हणणारा तिसरा पक्ष बहुधा अल्पमतात असतो. यंदा आमच्या मामांच्या मोटारीने मला या तिसऱ्या पक्षात नेऊन बसवले.

मामा धुळ्याचे, वय चौऱ्याऐंशी. त्यांची १९६८ सालची फियाट वीस वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली ही गाडीच पुढे 'पद्मिनी' नावाने घरोघर पोचली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याचे ऐकले, आणि मामांनी घोशा लावला, "एकदा पारोळा, एरंडोल करीत हिच्यातून जळगावला जाऊ. चालव तू, मी शेजारी बसेन."

पुण्याच्या चिरंजिवांनी फोनवर सांगितले, "इंजिन सगळे उतरवून नव्याने बांधा." मामींचे गणित निराळे. "तेवढ्या पैशांत यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघतील. ज्याला रस्ता दिसत नाही त्याला मोटार कशाला?" म्हणजे प्रश्न नुसत्या लोखंडाचा नव्हता.

मी पडलो मराठीचा मास्तर. म्हणून जळगावचा एक वयस्क मिस्त्री बरोबर नेला. तो म्हणाला, "भाऊ, आधी इंजिनले इचारा, मंग खिसाले."

वाचकहो, इंजिनाला विचारायची रीत ऐकण्यासारखी आहे. बरीच वर्षे उभ्या गाडीला बॅटरी लावून चावी फिरवणे सर्वांत घातक. पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात; जोर लावला तर त्या मोडतात किंवा सिलिंडरला चरे पडतात. मिस्त्रीने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडे ऑइल सोडले आणि दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पान्याने हळूहळू फिरवताच इंजिन फिरले. मग टाकीतले राळेसारखे झालेले पेट्रोल काढले, कार्ब्युरेटर धुतला, जुने ऑइल बदलले. रबरी नळ्याही नव्या घातल्या. कारण आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही.

नंतर चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तिघांचा जवळपास सारखा, एकाचा बराच कमी. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, म्हणजे इंजिन खोलणे आले. वाढला नाही तर दोष बहुधा वरच्या व्हॉल्व्हचा. आमचा दाब वाढला नाही. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्येच असतात. तेव्हा हेड उतरवून ते घासून बसवले की भागणार होते. बोअर नको, नवे पिस्टन नकोत.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पाठ बिघडला होता तिथे त्यांनी हात घातला. नवी ज्ञानेश्वरी लिहिली नाही. पोथीचा हा न्याय इंजिनालाही लागू पडतो, हे मला धुळ्याच्या शेडमध्ये कळले.

सरकारचेही मत याच्या जवळचे आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. पण तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. म्हणून कोणती नोंदणी ठेवायची, हे कागद हलवण्याआधीच ठरवलेले बरे.

हेड बसले आणि इंजिन सुरू झाले. आधी खोकले, मग निळसर धूर सोडून लयीत आले. मामा खुर्चीवर डोळे मिटून ऐकत होते. "तिसरा अजून थोडा लंगडतोय," ते म्हणाले. मिस्त्रीने कानोसा घेतला आणि मान डोलावली.

चिरंजिवांचे पैसे बरेच उरले. मामींनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. जळगाव त्यानंतर.