बैलाला आठ दिवस द्या

दसरा-दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूरकडची गावे ओस पडू लागतात. कोयता, भांडीकुंडी, लेकरे आणि बैलजोडी घेऊन माणसे सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात अथणी-चिकोडीकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, मजुरीचा दर यांवर आपण पुष्कळ बोलतो. पण त्या परमुलखात उतरलेल्या मुक्या जनावराविषयी कोणी बोलत नाही. आज त्याच्याविषयीच चार शब्द.

रात्रभर ट्रकमध्ये उभा राहिलेला बैल सकाळी कारखान्याच्या तळावर उतरतो. जागा नवी, पाणी नवे, शेजारची दावण अनोळखी. तो वैरणीला तोंड लावत नाही, खाली बसत नाही, दाव्याला हिसके देतो. धनी म्हणतो, बैल मातला! आणि चाबूक काढतो. बैल मातलेला नसतो, बावरलेला असतो. उचल डोक्यावर असल्याने धन्यालाही घाई असते, हे आम्ही जाणतो. पण दोन खेपा बुडाल्या तर त्या पुढे भरून निघतात. बैलच बसला तर सारा हंगाम बसतो आणि कर्ज मात्र उभे राहते.

म्हणून पहिले आठ दिवस जपावे. जोडीतले दोन्ही बैल शेजारीशेजारीच बांधावेत; ओळखीचा जोडीदार दिसला की जनावर लवकर शांत होते. जागा कोरडी व उताराची बघावी. घरून कडब्याच्या चार पेंढ्या सोबत न्याव्यात. पहिले दोन दिवस कडबाच घालावा, मग त्यात थोडे थोडे वाढे मिसळत जावे. कडब्यावर वाढलेल्या बैलापुढे एकदम वाढ्यांचा ढीग टाकला तर पोट बिघडते. शिवाय वाढ्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो. तो अंगातील कॅल्शियम बांधून ठेवतो आणि जनावर हळूहळू अशक्त होते. पशुवैद्याला विचारून चुन्याची निवळी व खनिज मिश्रण चालू ठेवावे.

निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी लाळ-खुरकुताची लस टोचून घ्यावी. तळावर अनेक गावांची जनावरे एकत्र येतात, रोगही एकत्र येतो. 2022 साली लम्पीने काय हाल केले ते आपण विसरलेलो नाही. माश्या-गोचिडांवरून तो पसरतो, म्हणून गोठ्याची जागा रोज झाडावी.

कामाच्या वेळेचेही भान ठेवावे. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे ते सांगतात. जिथे उन्हाचा पारा 37 अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. रोज जू उतरल्यावर खांद्यावर हात फिरवून बघावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हौसेने खांदे मळतो. खरी गरज असते ती पौष-माघात, ओझ्याखाली खांदा सुजतो तेव्हा.

हे सारे ध्यानात येते ते बहुधा घरातल्या बाईच्या. पहाटे शेण भरताना ते पातळ झालेले तिलाच दिसते, बैल रवंथ करीत नाही हे तिलाच कळते. पण "तुला काय कळतंय बैलातलं?" म्हणून तिला गप्प केले जाते. अर्ध्या कोयत्याचे काम जी करते, तिचा शब्द बैलाच्या बाबतीतही ऐकला पाहिजे. तिने आज जुंपू नका म्हटले तर एक दिवस थांबा, डॉक्टरला दाखवा.

आणि जाता जाता एक विचारतो. नव्या जागी रुळायला बैलाला आठ दिवस लागतात, हे आपल्याला पटते. मग त्याच गाडीतून उतरलेले, नव्या कोपीत रात्री दचकून उठणारे आपले लेकरू? त्याच्या पाठीवरूनही तोच हात फिरवा.